खरेदीखतातील जुने शब्द आणि त्यांचे आजचे बळ

कोल्हापूर जिल्ह्यात आजही जमिनीचे किंवा घराचे खरेदीखत हाती घेतले, तर त्याच्या पहिल्या दोन पानांतच कित्येक शतकांची भाषा शेजारी-शेजारी बसलेली आढळते. 'तुकडी कोल्हापूर, पोटतुकडी करवीर' हा आरंभ इंग्रजी अमदानीतील नोंदणी-कायद्याच्या व्यवस्थेतून आलेला आहे; तुकडी म्हणजे नोंदणीच्या सोयीसाठी पाडलेला जिल्हा आणि पोटतुकडी म्हणजे दुय्यम निबंधकाचे कार्यक्षेत्र. त्यापुढे येणारे 'मौजे', 'कसबे', 'मजकूर', 'इसम' हे शब्द फारसी-अरबी वळणाच्या दप्तरातून मराठेशाहीत आले आणि तेथेच मुरले. 'चतुःसीमा', 'तदंगभूत', 'निधि-निक्षेप' ही संस्कृत पदे त्याहूनही जुन्या दानपत्रांच्या परंपरेतील आहेत, तर 'लिहून देणार या संज्ञेत त्यांचे वालीवारस, अखत्यारी व असायनी यांचा समावेश आहे' हे वाक्य उघडच इंग्रजी मसुद्याच्या वळणाचे आहे. सामान्य खातेदार या सर्व शब्दांकडे एकाच भावनेने पाहतो: हे कायद्याचे शब्द आहेत, ते असलेच पाहिजेत, त्यांचा अर्थ दस्तलेखकाला ठाऊक असेल. वस्तुतः या शब्दांचे बळ सारखे नाही. काही शब्दांवर आजही हक्क जातो किंवा राहतो. काही शब्द कायद्याने केव्हाच निष्प्रभ केले असून केवळ लेखनाच्या सवयीने टिकले आहेत. आणि काही शब्दांचा दस्तातील अर्थ व रोजच्या मराठीतील अर्थ एकमेकांपासून इतके दूर गेले आहेत, की साक्षर माणूसही फसावा.

ही सरमिसळ कशी घडली हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. दख्खनच्या सुलतानी राजवटींत दप्तरावर फारसीचा पगडा होता. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला; इ. स. १६७७ च्या सुमाराच्या या कोशात सुमारे १,४०० दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. पेशव्याचा पंतप्रधान आणि मुजुमदाराचा अमात्य या धोरणाने झाला. परंतु गावातील देवघेवीच्या कागदांवरून 'खत', 'दस्त', 'गहाण', 'जामीन', 'हरकत' हे शब्द हटले नाहीत. त्याचे कारण व्यावहारिक होते. ज्या शब्दावर आजवरचे निवाडे आणि वहिवाट उभी आहे, तो शब्द बदलला तर पुढचा वाद कोणत्या अर्थाने सुटेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि पैसे मोजणाऱ्याला ही अनिश्चितता नको असते. कालगणनेचेही असेच झाले. मराठेशाहीतील कागदांवर सुहूर सन अरबी संख्यावाचकांनी लिहिला जाई: 'इहिदे सलासीन मया व अलफ' म्हणजे एक, तीस, शंभर आणि हजार, मिळून ११३१. हे वर्ष मृगाच्या सुमारास पालटत असल्यामुळे पावसाळ्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांसाठी त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंतच्या तारखांसाठी ६०० मिळविले, की इसवी सन निघतो. कोल्हापूर व सातारा या दोन गाद्यांच्या सीमा ठरविणारा वारणेचा तह १३ एप्रिल १७३१ रोजी झाला, तेव्हा हेच ११३१ वे वर्ष चालू होते.

कागद लिहिणाऱ्यांचा वर्गही परंपरेने ठरलेला होता. गावात तो कुलकर्णी होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बंद करून त्या जागी पगारी तलाठी नेमले, आणि लेखणीवरची वंशपरंपरा मोडली. लिहिता न येणाऱ्यांची निशाणी मात्र कागदावर पूर्वीपासूनच असे: पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी. आजच्या दस्ताच्या शेवटी दिसणारे 'नि. डा. हा. अं.' म्हणजे 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' हे त्याच प्रथेचे उत्तररूप आहे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यापूर्वीची बरीच खते मोडी लिपीत असल्यामुळे आजच्या वारसाला आपल्याच घरातला कागद वाचता येत नाही. अशा कागदांसाठी कोल्हापूरच्या पुरालेखागाराचा आणि मोडी जाणकारांचा आधार घ्यावा लागतो.

जुन्या शब्दांचे बळ कसे ओसरते, याचे सर्वांत बोलके उदाहरण 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसहित' या सूत्राचे आहे. हे मूळचे इनामपत्राचे सूत्र. त्याच्या मागेपुढे 'दरोबस्त' म्हणजे संपूर्ण, 'कुलबाब कुलकानू' म्हणजे सर्व कर व सर्व पट्ट्या, 'हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी' म्हणजे आज असलेली आणि पुढे बसेल ती पट्टी, आणि 'खेरीज हक्कदार व इनामदार करून' म्हणजे ज्यांचे हक्क आधीपासून आहेत ते वगळून, असे शब्द येत. राजा गाव इनाम देताना पाणी, झाडे, गवत, लाकूड, दगड, जमिनीत पुरलेले द्रव्य आणि कोणी ठेवून विसरलेला ठेवा, हे सारे दिल्याचे त्यातून स्पष्ट करीत असे. दक्षिणेकडे, कानडी मुलखात, याच जातीचे 'अष्टभोग' सूत्र रूढ होते. त्यात निधि, निक्षेप, जल आणि पाषाण यांच्या जोडीला अक्षिणी म्हणजे न आटणारे कायमचे उत्पन्न, आगामी म्हणजे पुढे होणारा लाभ, सिद्ध म्हणजे लागवडीस आणलेली जमीन आणि साध्य म्हणजे आणता येण्याजोगी जमीन, ही चार पदे येतात. सीमाभागातील घराण्यांच्या कागदपेट्यांत दोन्ही वळणांचे कागद सापडू शकतात. इनाम दिले ते केवळ साऱ्याचे की मातीचे, हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार आला, आणि तेव्हा अशा सूत्रांचा शब्दन् शब्द तपासला गेला.

सार्वभौम राजाच्या इनामपत्रातले हे सूत्र पुढे साध्या खरेदीखतात उतरले, आणि तेथे त्याचा अर्थ पालटला. विकणारा स्वतःजवळ असलेल्यापेक्षा अधिक काही देऊ शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार खनिजांचा हक्क शासनाकडे राखलेला आहे. म्हणून 'पाषाण' लिहून मिळाले, तरी विक्रीसाठी खाण काढण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. जमिनीत गुप्तधन सापडले, तर भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो आणि दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक ठरते. 'निधि-निक्षेप' या शब्दांनी ती जबाबदारी टळत नाही. उलट झाडे, बांधकाम, वाटेचा हक्क यांसारख्या गोष्टी दस्तात मुद्दाम लिहिल्या नाहीत, तरी वेगळा हेतू दिसत नसेल तर त्या जमिनीबरोबरच जातात, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ८ सांगते. म्हणजे या सूत्रातील जे विकता येते ते न लिहिताही जाते, आणि जे विकता येत नाही ते लिहूनही जात नाही. सूत्र लिहिल्याने नुकसान होत नाही. मात्र त्यावर विसंबून विहिरीतील हिस्सा, पाण्याची पाळी, गाडीवाट व पाणंद यांचा तपशील लिहायचा राहिला, तर कलह अटळ असतो. उसाच्या या पट्ट्यात पाण्याच्या पाळीचे मोल जमिनीच्या मोलाइतकेच असते, आणि ती कोणत्या वारी, किती तास, कोणत्या पाटाने, हे 'जल' या एका शब्दात मावत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दडपणास बळी न पडता' या ओळीचे आहे. वरवर पाहता ही भाषा पाल्हाळिक वाटते आणि शिकलेले लोक ती काढून टाकण्याची सूचनाही करतात. प्रत्यक्षात तिचा प्रत्येक शब्द भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील एकेका अटीशी जुळतो. 'अक्कलहुशारी' व 'नशापाणी न करता' ही कलम १२ ची अट आहे, कारण करार करताना व्यक्ती सुस्थित मनाची असली पाहिजे, आणि नशेत असलेल्या माणसाचे उदाहरण त्या कलमाखालीच दिलेले आहे. 'राजीखुशी' आणि 'दडपण नसणे' म्हणजे कलम १४ मधील मुक्त संमती, जी जबरदस्ती, गैरवाजवी प्रभाव, लबाडी, गैरसमजुतीस कारण होणारे निवेदन किंवा चूक यांनी दूषित झालेली नसावी लागते. अर्थात ओळ लिहिली म्हणून संमती मुक्त ठरत नाही. भावांनी माहेरवाशिणीकडून घेतलेल्या हक्कसोडपत्रात ही ओळ हमखास असते, आणि तरीही ती संमती खरोखर मुक्त होती का, हे न्यायालय पुराव्यावरून तपासू शकते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला जन्मतः सहदायिकाचा हक्क मिळाल्यापासून या ओळीवर पूर्वीपेक्षा अधिक काही अवलंबून आहे, आणि ती वाचून न दाखविता अंगठा घेणे हा उघड अन्याय आहे.

फसव्या शब्दांचा गट मोठा आहे. 'अज्ञान' म्हणजे अडाणी नव्हे, तर अठरा वर्षांखालील व्यक्ती. सात-बारावर किंवा दस्तात 'अ. पा. क.' लिहिलेले असते, त्याचा अर्थ 'अज्ञान पालनकर्ता'. हिंदू अज्ञानता व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ नुसार नैसर्गिक पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय अज्ञानाची स्थावर मिळकत विकता येत नाही, आणि तशी विक्री झाली तर सज्ञान झाल्यावर मुलाला किंवा मुलीला मुदतीत ती रद्द करून घेता येते. तीन अक्षरांकडे दुर्लक्ष करणाऱ्या खरेदीदाराला याची किंमत अनेक वर्षांनी मोजावी लागते. 'ए. कु. मॅ.' म्हणजे 'एकत्र कुटुंब मॅनेजर'. जमीन एकाच भावाच्या नावावर दिसत असली, तरी या अक्षरांमुळे ती सर्वांची असल्याची सूचना मिळते; कर्त्याने ती विकली, तर विक्री कुटुंबाच्या गरजेसाठी होती का, हा प्रश्न उभा राहतो. 'कुटुंबाच्या कायदेशीर गरजेपोटी' हे शब्द दस्तात म्हणूनच घातले जातात, आणि प्रिव्ही कौन्सिलच्या १८५६ मधील हनुमानप्रसाद पांडे खटल्यापासून अशी गरज होती का याची वाजवी चौकशी करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकलेली आहे. 'आकार' म्हणजे जमिनीची आकृती नव्हे, तर तिच्यावर बसविलेला सारा. 'जुडी' म्हणजे इनाम जमिनीवरचा सवलतीचा सारा. 'कुळ' म्हणजे घराणे नव्हे, तर दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा फाळ्याने कसणारा. आणि 'पोटखराबा' म्हणजे त्याच सर्व्हे नंबरातील लागवडीस न येणारे क्षेत्र.

जुन्या वाटणीपत्रांत हिस्सा आण्यांत लिहिलेला असतो. रुपया म्हणजे संपूर्ण मिळकत, सोळा आणे म्हणजे रुपया आणि बारा पै म्हणजे आणा, असा हिशेब धरला की 'पाच आणे चार पै' हा हिस्सा बरोबर एक-तृतीयांश निघतो, कारण रुपयाच्या १९२ पै आणि त्यांपैकी ६४ या हिश्श्यात येतात. तीन भावांची वाटणी या पद्धतीत शेष न उरता होत असे. दशमान पद्धतीत ती होत नाही. १ एप्रिल १९५७ पासून चलनातून आणे गेले, पण जुन्या दस्तांतून व गावच्या तोंडी व्यवहारांतून ते गेले नाहीत.

या सर्वांत अधिक वाद निर्माण करणारा शब्द मात्र अस्सल मराठी आणि दिसायला निरुपद्रवी आहे: 'पैकी'. 'रि. स. नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) अमुक पैकी वीस गुंठे' असे लिहिले आणि ते वीस गुंठे कोणत्या बाजूचे हे सांगितले नाही, तर घेणाऱ्याला विशिष्ट तुकडा मिळाला की एकत्रित मिळकतीतील अविभक्त हिस्सा मिळाला, हे ठरविण्यासाठी दावा लावावा लागतो. या दृष्टीने चतुःसीमा हा दस्तातील सर्वांत मोलाचा परिच्छेद आहे. दस्तातील क्षेत्र आणि सीमा यांत तफावत आढळली, तर सर्वसाधारणपणे सीमांना महत्त्व दिले जाते; नंबर लिहिताना एखादा अंक सुटला आणि सीमांवरून मिळकत निःसंशय ओळखता येत असेल, तर ती लेखनातील चूक समजली जाते. 'पूर्वेस अमक्याचे शेत' असे लिहिण्याची जुनी पद्धत मात्र सदोष आहे, कारण शेजारी बदलतात, मरतात, विकतात; सीमेत शेजाऱ्याच्या नावाबरोबर त्याचा गट क्रमांक, नाला किंवा रस्ता लिहिला, तर दोन पिढ्यांनंतरही ती जागेवर सापडते.

जुन्या शब्दांमुळे शेतकऱ्याचे सर्वाधिक नुकसान जेथे झाले, तो प्रांत गहाणाचा आहे. 'नजरगहाण' म्हणजे जमीन कर्जदाराच्याच ताब्यात राहून केवळ तारण लागणे; 'कब्जेगहाण' किंवा 'ताबेगहाण' म्हणजे सावकाराने जमीन ताब्यात घेऊन तिच्या उत्पन्नातून व्याज किंवा मुद्दल फेडून घेणे; आणि 'मुदतखरेदी' म्हणजे कागद विक्रीचा, पण ठरलेल्या मुदतीत पैसे परत केल्यास जमीन परत मिळण्याची अट असलेला. त्याहून जुन्या कागदांत 'गहाण-लहाण' अशी अट येते, जिचा अर्थ मुदतीत फेड न झाल्यास गहाणाचे रूपांतर कायम खरेदीत होईल, असा होता. मुंबई इलाख्यात १८६४ च्या रामजी विरुद्ध चिंतो या निवाड्यापासून न्यायालयांनी ही अट अक्षरशः न पाळता मुदत टळल्यावरही कर्जदारास जमीन सोडवू देण्याची भूमिका घेतली. अकरा वर्षांनी, १८७५ मध्ये, पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत जे दंगे झाले, त्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खते बाहेर काढून जाळली. त्यांचा रोष कागदावर होता, कारण त्यातील वाक्य त्यांना वाचता येत नव्हते आणि तेच वाक्य न्यायालयात त्यांच्याविरुद्ध बोलत होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने कागदाच्या मागे जाऊन व्यवहाराचा इतिहास तपासण्याचे अधिकार न्यायालयांना दिले; त्या शतकातील शहाणपणाच्या कायद्यांत त्याची गणना करावी लागेल.

आजच्या कायद्यात मुदतखरेदीचे स्थान मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८(क) मध्ये आहे. इंग्रजी पाठातील या तिसऱ्या पोटकलमाला सशर्त विक्रीचे गहाण म्हणतात. १९२९ मध्ये त्याला एक परंतुक जोडले गेले आणि त्याचे परिणाम दूरवरचे आहेत. परत देण्याची अट विक्रीच्या त्याच दस्तात असेल, तरच तो व्यवहार गहाण मानता येतो. अट वेगळ्या कागदावर असेल, तर मानता येत नाही. एका दस्तात दोन्ही असूनही गहाण की विक्री हा प्रश्न हेतूवरून ठरतो, आणि त्यासाठी न्यायालय किंमत बाजारभावाच्या मानाने किती कमी आहे, ताबा कोणाकडे राहिला, सारा कोण भरत आला, दोघांत आधीचे देणे-घेणे होते का, हे पाहते. सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा चुनचुन झा विरुद्ध इबादत अली हा निवाडा यात मार्गदर्शक ठरला. एवढ्या बारकाव्याचे महत्त्व 'मुदत' या शब्दावरून कळते. व्यवहार गहाण ठरला, तर दस्तात लिहिलेली पाच वर्षांची मुदत टळली तरी जमीन सोडविण्याचा हक्क नष्ट होत नाही. मुदत कायदा, १९६३ नुसार त्यासाठी तीस वर्षे मिळतात, आणि कब्जेगहाणात तर ही तीस वर्षे गहाणाच्या तारखेपासून मोजायची नसतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सिंग राम विरुद्ध शिव राम या प्रकरणात स्पष्ट केले आहे. उलट व्यवहार कायम विक्रीचा आणि फेरखरेदीचा करार निराळा, असे ठरले, तर मुदत काटेकोर पाळावी लागते आणि ती चुकली की जमीन गेली. कागद एक की दोन, यावर घराण्याची जमीन राहते किंवा जाते. सावकाराने कर्जापोटी खरेदीखतच लिहून घेतले असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागण्याचा मार्गही आहे, आणि तो शेतकऱ्यांना अधिक माहीत असायला हवा.

कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात 'संचकारपत्र' हा शब्द चालतो. पुण्याकडे त्यालाच साठेखत म्हणतात. संचकार किंवा विसार म्हणजे सौदा पक्का करण्यासाठी दिलेली रक्कम. संचकारपत्राने मालकी मिळत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ नुसार तो केवळ पुढे खरेदी करून देण्याचा करार आहे. 'वटमुखत्यारपत्र' किंवा 'कुलमुखत्यारपत्र' यांचेही तसेच आहे: ते दुसऱ्याला आपल्या वतीने काम करण्याचा अधिकार देते, मालकी देत नाही. मुखत्यारपत्र, संचकारपत्र आणि मृत्युपत्र असे तीन कागद एकत्र करून केलेली 'विक्री' मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्ध सांगितले आहे.

'सदर मिळकत निर्वेध, बिनबोजा असून कोणी हरकत घेतल्यास ती आम्ही स्वखर्चाने निवारून देऊ, तुम्हांस तोशीस लागू देणार नाही' हे आश्वासन प्रत्येक खरेदीखतात असते. 'तोशीस' म्हणजे त्रास किंवा झळ, आणि कायद्याच्या दृष्टीने ही नुकसानभरपाईची हमी आहे. ती विकणाऱ्याविरुद्ध दाद देते. जमिनीतील दोष मात्र दूर करीत नाही. जमीन 'भोगवटादार वर्ग २' ची किंवा 'नवीन अविभाज्य शर्ती'ची असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय तिचे हस्तांतरण करता येत नाही. ती 'देवस्थान इनाम वर्ग ३' ची असेल, तर वहिवाटदार पुजाऱ्याला ती स्वतःची म्हणून विकताच येत नाही. कोल्हापुरासारख्या देवस्थान जमिनींच्या प्रदेशात 'निर्वेध' या शब्दापेक्षा सात-बारावरील 'इतर हक्क' हा रकाना अधिक विश्वासार्ह आहे.

एकाच अर्थाचे दोन-दोन शब्द लिहिण्याची रीत, जसे वालीवारस, हक्क-अधिकार, केवळ मराठीची नाही. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तेथील दस्तांत इंग्रजी आणि फ्रेंच शब्दांच्या अशाच जोड्या रूढ झाल्या, आणि त्यांचे वंशज आजच्या इंग्रजी मृत्युपत्रांतही दिसतात. दोन भाषांच्या लोकांना एकच अर्थ कळावा, ही त्यामागची मूळ गरज योग्य होती; ती संपल्यावरही जोडीची नक्कल करीत राहणे ही दस्तलेखनाची जडता आहे, आणि तिचा दोष शब्दांवर नव्हे, तर जुना मसुदा न वाचता पुढे सरकविणाऱ्यांवर येतो.

वाद न्यायालयात गेलाच, तर जुन्या शब्दांसाठी कायद्यात सोय आहे. १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे कलम ९८ आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्ये कलम १०१ म्हणून आले आहे. दुर्बोध अक्षरे, परकीय, लुप्त, तांत्रिक, स्थानिक व प्रांतिक शब्द आणि संक्षेप यांचा अर्थ दाखविण्यासाठी त्यानुसार पुरावा देता येतो. म्हणजे मोडी जाणकाराची साक्ष, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश किंवा विल्सनचा १८५५ चा न्याय व महसूल शब्दांचा कोश यांना तेथे स्थान मिळू शकते. योग्य ताब्यातून आलेल्या तीस वर्षांहून जुन्या दस्ताच्या सही-अक्षराबद्दल न्यायालय खरेपणाचे गृहीतक धरू शकते. मात्र कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने एक गोष्ट अधिक जाणवू लागेल: कनिष्ठ न्यायालयाची भाषा मराठी असली, तरी उच्च न्यायालयाचे कामकाज संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीत चालते, आणि तेथे मूळ मराठी दस्ताबरोबर त्याचे भाषांतरही वाचले जाते. 'मुदतखरेदी'चे भाषांतर नुसते 'विक्री' असे झाले, तर पक्षकाराची बाजू तेथेच दुबळी होते. म्हणून भाषांतर स्थानिक शब्द जाणणाऱ्याकडून करून घ्यावे.

दस्ताची अखेरची ओळ बहुधा 'वाचून पाहिला, वाचून दाखविला, समजला व मान्य आहे' अशी असते. निरक्षर किंवा वृद्ध व्यक्तीच्या बाबतीत ती खरी होती हे सिद्ध करण्याचा भार लाभ घेणाऱ्यावर येऊ शकतो. परंतु साक्षर माणसाला न वाचता सही केल्याची सबब सहसा चालत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ९४ व ९५ नुसार लेखी दस्तातील अटींच्या विरोधात किंवा त्यांत भर घालण्यासाठी तोंडी पुरावा, काही अपवाद सोडता, स्वीकारला जात नाही. तेव्हा कोल्हापुरातील खातेदाराने दुय्यम निबंधकासमोर उभे राहण्यापूर्वी मसुदा घरी आणावा, त्यातील प्रत्येक अनोळखी शब्दाखाली रेघ ओढावी, त्या शब्दाने नेमका कोणता हक्क जातो आणि कोणता राहतो हे वकिलाला किंवा दस्तलेखकाला विचारावे, आणि उत्तर समाधानकारक नसेल, तर तेथे साध्या मराठीत वाक्य लिहून घ्यावे. नोंदणी अधिनियमात दस्त करून दिल्यापासून नोंदणीस सादर करण्यासाठी चार महिन्यांची मुदत आहे. सही करण्यापूर्वी विचार करण्यासाठी मात्र कायद्याने कोणतीही मुदत घातलेली नाही.